एसटीतला रुमाल: टीव्हीवरची जाहिरात नक्की काय काम करते

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबर २०२५ ला, जाहिरातकार पीयूष पांडे गेले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे एरवी शुभ सकाळ आणि लग्नपत्रिका सोडून काही येत नाही, तिथे धडाधड जुन्या जाहिराती यायला लागल्या. न फुटणारं अंडं, वाळवंटातली ती माणसांनी लगडलेली बस, क्रिकेटच्या मैदानात नाचत शिरणारी मुलगी. काकूने लिहिलं, "एवढं सगळं एकाच माणसाचं होतं? मला वाटायचं कंपनीवालेच बनवतात." त्याच्या खाली आतेभाऊ, "सगळं ठीक आहे गं, पण जाहिरात बघून फेविकॉल कोण घेतं? सुतार आणतो तेच आपण घेतो ना!"

मी बारा-तेरा वर्षं जाहिरातींच्या मराठी स्क्रिप्ट लिहितेय, आणि हा प्रश्न मला रिक्षावाल्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. कोट्यवधी रुपये घालून तीस सेकंदांची फिल्म करतात, लोक बघून हसतात, पुढे काय? खरंच काही विकलं जातं का? ग्रुपवर दोन ओळींत सांगणं जमेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय, आणि यात माझी मतंही आहेत, ती मी लपवत नाहीये.

आधी ब्रँड म्हणजे काय ते बघू

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी एकदा रांगेत उभी होते. पुढच्या बाई म्हणाल्या, "एक कोलगेट द्या." दुकानदाराने विचारलं, "कुठलं?" आणि बाईंनी शांतपणे दुसऱ्याच कंपनीच्या पेस्टचं नाव घेतलं. दोघांनाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. कॉपी काढायची तर आपण झेरॉक्स म्हणतो, पाण्याची बाटली कुठलीही असो बिसलरी म्हणतो, आमच्या आजीसाठी प्रत्येक चॉकलेट कॅडबरीच होतं, आणि कपडे धुवायच्या कुठल्याही पावडरीला आमच्या गावाकडे अजून निरमा म्हणतात.

तर ब्रँड म्हणजे लोगो नाही, रंगही नाही. एखाद्या नावाभोवती आपल्या डोक्यात वर्षानुवर्षं जे साठत गेलंय ते सगळं गाठोडं म्हणजे ब्रँड. लोगो ही फक्त त्या गाठोड्याची वरची गाठ. आंबा हा माल झाला, देवगड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जी पेटी येते, गवत येतं, खोली भरून राहणारा वास येतो आणि दोनशे रुपये जास्त द्यायची तयारी होते, तो ब्रँड.

आणि माल जेवढा एकसारखा तेवढं हे गाठोडं महत्त्वाचं. आंब्याचा वास तरी घेता येतो. टूथपेस्टच्या दहा ट्यूबा समोर ठेवल्या तर आपल्याला त्यातला फरक कळणार आहे का? नाही कळत, आणि कळून घ्यायला वेळही नसतो. लग्नाच्या हॉलमधे चारशे अनोळखी माणसं असतात तेव्हा आपण काय करतो, एखादा ओळखीचा चेहरा शोधतो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसतो, तो माणूस त्या हॉलमधला सगळ्यात चांगला माणूस असतो असं काही नाही, पण ओळखीचा असतो. दुकानातल्या फळीसमोर आपण हेच करतो.

मग जाहिरात काय करते? रुमाल टाकते

लहानपणी मे महिन्यात आम्ही एसटीने मामाकडे जायचो. स्टँडवर गाडी लागायच्या आधीच माणसं धावायची आणि बाबा खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचे. मग दारातून रेटारेटी करत आत पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली तरी चालायचं, कारण जागा धरलेली असायची, आणि समोरचाही निमूटपणे म्हणायचा, "हां, रुमाल आहे."

जाहिरात म्हणजे हा रुमाल आहे. तुम्ही सोफ्यावर बसून मालिका बघताय तेव्हा तुम्हाला साबण नकोय, पंखाही नकोय, घराला रंग तर अजिबात नकोय. जाहिरात करणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्याला त्या क्षणी तुम्हाला काही विकायचं नसतंच, त्याला तुमच्या डोक्यात एक सीट धरून ठेवायची असते. पुढे सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, तुमचा पंखा जळतो आणि तुम्ही दुकानात उभे राहता तेव्हा जे नाव पहिलं तोंडात येतं, ती ती धरलेली जागा. या पटकन नाव आठवण्याला धंद्यात रिकॉल म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवा, बाकीचे नाही ठेवलेत तरी चालेल.

रुमालाची उपमा मला आवडते कारण तिच्यात जाहिरातीची बाकीची गणितंही बसतात. रुमाल वाऱ्याने उडू शकतो, म्हणून तीच जाहिरात परत परत लावावी लागते. रुमाल चुकीच्या गाडीत टाकला तर उपयोग नाही, म्हणून ट्रॅक्टरची जाहिरात कार्टूनच्या चॅनलवर दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुमाल तुमचाच आहे हे ओळखू आलं पाहिजे. नुसता पांढरा रुमाल टाकलात तर दुसरा कोणीतरी म्हणेल हा माझाच, आणि बसेल. यावर खाली परत येते, कारण माझं सगळ्यात मोठं भांडण तिथेच आहे.

नुसतं नाव नाही, वेळही धरायची असते

"उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली." हे वाचताना तुम्ही ते मनातल्या मनात त्याच चालीत म्हटलं असणार. पहाटेचा अंधार, सोसायटीतला जिना, दारं ठोठावत सगळ्यांना उठवणारे ते आजोबा. वर्षभर आपण वेगवेगळे साबण वापरतो आणि मोती आठवतही नाही, पण नरकचतुर्दशीच्या आधी उटणं, सुगंधी तेल, पणत्या या यादीत तो गोल साबण आपोआप येऊन बसतो. माझी आई दिवाळीच्या आधी चार दुकानं फिरते पण मोतीच आणते, आणि बाकीच्या ३६० दिवसांत तिला त्याची आठवण येत नाही.

आता यात साबण किती गोरं करतो, किती टक्के जंतू मारतो, असलं एक अक्षर नाही. त्यांनी फक्त एक पहाट धरली. अभ्यंगस्नान आधीपासून होतं, हजारो वर्षांचं म्हणा, त्या रूढ गोष्टीच्या शेजारी त्यांनी आपला रुमाल ठेवला आणि तो उडू दिला नाही. माझ्या मते मराठी घरासाठी मराठीतच सुचलेली ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात चोख जाहिरात आहे.

कॅडबरीनेही तेच केलं, जास्त मोठ्या प्रमाणावर. चॉकलेट हे लहान मुलांचं, मोठ्यांनी खाल्लं तर थोडं चोरून, अशी आपल्याकडे समजूत होती. मग साधारण १९९४ मधे ती जाहिरात आली, मैदानावर फलंदाज सिक्स मारतो आणि त्याची मैत्रीण सुरक्षारक्षकाला चुकवून नाचत नाचत पिचकडे धावत जाते, हातात चॉकलेट. मोठ्या बाईने सगळ्यांसमोर बिनधास्त चॉकलेट खायचं, एवढीच गोष्ट. नंतर "कुछ मीठा हो जाए" म्हणत ते थेट पेढ्याच्या जागेवर येऊन बसले आणि आज राखीला, दिवाळीला आपण एकमेकांना चॉकलेटचे बॉक्स देतो. २०२१ मधे त्यांनी तीच फिल्म उलटी केली, मैदानात मुलगी खेळतेय आणि मुलगा नाचत येतोय, आणि बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण सत्तावीस वर्षांपूर्वीचा रुमाल अजून जागेवर होता.

फेविकॉल: ज्याची जाहिरात आपल्यासाठी नव्हतीच

आतेभावाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तो म्हणतो सुतार आणतो तेच आपण घेतो, आणि ते अगदी बरोबर आहे.

पूर्वी सुतार सरस वापरायचे, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, तो विस्तवावर गरम करून पातळ करायचा, वास मारायचा, थंड झाला की परत तापवा. १९५९ पासून पिडिलाइट कंपनीचा पांढरा तयार गोंद बाजारात आला, डबा उघडा आणि लावा. बळवंत पारेख हे त्यामागचे गृहस्थ. त्यांनी सुरुवातीला काय केलं तर दुकानांपेक्षा सुतारांकडे गेले, त्यांना वापरून दाखवलं, पुढे फर्निचरच्या डिझाइनची पुस्तकं काढली, जी सुतार गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि म्हणायचा, बोला, यातलं कुठलं कपाट करू. म्हणजे माल चांगला होता आणि तो वापरणाऱ्याला मान दिला. हा पाया आधी घातला गेला, जाहिरात नंतर आली, हे मी मुद्दाम सांगतेय कारण हल्ली नवीन कंपन्यांना वाटतं की आधी व्हायरल व्हावं, मग मालाचं बघू.

मग टीव्हीवरच्या फिल्म. ढाब्यावरचा आचारी अंडं फोडायचा जीव तोडून प्रयत्न करतोय, फुटत नाही, शेवटी दिसतं की कोंबडी फेविकॉलच्या डब्यातून दाणे टिपतेय. खड्ड्यांतून उसळत जाणाऱ्या बसला आतबाहेर, टपावर माणसं चिकटलेली, एकही पडत नाही, आणि बसच्या मागे फेविकॉलची पाटी. यात कुठेही सुतार सांगत नाही की आमचा गोंद अमुक किलो वजन पेलतो. सगळ्या फिल्म मिळून एकच गोष्ट सांगतात, चिकटलं की सुटत नाही. ३० वर्षं एकच गोष्ट, दर वेळी वेगळ्या गमतीने.

आणि याचा उपयोग असा झाला की बाजूला बसलेल्या आपल्यालाही ते नाव माहीत झालं. आता सुताराने दुसऱ्या कंपनीचा डबा आणला तर घरातली माणसं विचारतात, "फेविकॉल नाही का आणला?" त्या एका प्रश्नासाठी सुतार दुसरं काही आणतच नाही. म्हणजे जाहिरात आपल्याला दाखवली, पण धाक सुताराला बसला. शिवाय भाषेतही गेलं ना ते, खुर्चीला चिकटलेल्या नेत्याबद्दल बोलताना आपण फेविकॉल म्हणतोच.

"जाहिरात मस्त होती, कशाची होती आठवत नाही"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. हाच तो पांढरा रुमाल. एखादी सुंदर फिल्म, बाप-लेकीची गोष्ट, डोळ्यात पाणी, आणि शेवटच्या दोन सेकंदांत एक लोगो. लोक ती एकमेकांना पाठवतात, बक्षिसं मिळतात, आणि आठवड्याने विचारलं तर कोणी म्हणतं चहाची होती, कोणी म्हणतं इन्शुरन्सची. कारण त्या गोष्टीतून ती वस्तू काढून टाकली तरी गोष्ट तशीच्या तशी राहते. अंड्याच्या फिल्ममधून फेविकॉल काढून बघा, गोष्टच उरत नाही. क्रिएटिव जाहिरात चांगली की वाईट हे ठरवायची माझी कसोटी एवढीच आहे, आणि या कसोटीवर बऱ्याच गाजलेल्या फिल्म नापास होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

सेलिब्रिटींचंही तेच. एकच नट सिमेंट, बनियान, मोबाईल आणि केसांचं तेल विकतो तेव्हा एकाच रंगाचा रुमाल दहा सीटवर पडलेला असतो. आपल्याला नट आठवतो. ज्यांच्याकडे गोष्ट नसते ते चेहरा विकत घेतात, असं मला वाटतं. अपवाद आहेत, पोलिओच्या "दो बूंद" साठी अमिताभ बच्चन रागावून बोलले ते लागू पडलं, कारण घरातला मोठा माणूस रागावतो तसा तो राग होता, २०१४ मधे भारत पोलिओमुक्त जाहीर झाला त्यात लाखो आरोग्यसेविकांच्या पायपिटीबरोबर त्या रागाचाही वाटा आहे.

आणि रुमाल नीट सांभाळायचा कसा ते बघायचं तर हच या मोबाईल कंपनीचा तो छोटा पग कुत्रा आठवा, मुलाच्या मागे मागे जाणारा. २००७ मधे हचचं व्होडाफोन झालं. नाव बदललं म्हणजे खरं तर सगळं गाठोडं फेकून द्यायची वेळ. पण त्यांनी काय केलं, जाहिरातीत तोच कुत्रा गुलाबी घरातून बाहेर पडला आणि लाल घरात जाऊन बसला. बस्स. आपल्या डोक्यातली आठवण त्यांनी उचलून नव्या नावाखाली नेऊन ठेवली. दोन वर्षांनी, २००९ च्या आयपीएलमधे झूझू आले, ते पांढरे अंडाकृती डोक्याचे, कार्टून वाटायचे पण खरी माणसं होती पोशाख घालून. त्यांना ना भाषा ना धर्म ना गाव, आणि तरी ते कोणाचे हे देशभर माहीत होतं.

"मी काही जाहिरात बघून घेत नाही हां"

सगळे हेच म्हणतात आणि सगळे खरं बोलतात. कोणीच टीव्ही बघून चपला घालून दुकानात पळत नाही. पण रुमाल तुमच्या परवानगीने टाकलेला नसतो. तुम्ही फोनमधे बघत असता, जिंगल कानावर पडत असते. निरमाची चाल तुम्ही कधी पाठ केलीत का? तरी येतेच ना.

निरमाचा किस्सा तर या धंद्यातला धडाच आहे. अहमदाबादचे करसनभाई पटेल १९६९ पासून सायकलवरून घरोघरी पावडर विकायचे, मुलीच्या नावावरून निरमा नाव ठेवलं, किंमत सर्फच्या कितीतरी पट खाली. मोठी कंपनी आधी दुर्लक्ष करत राहिली आणि मग एवढी मागे पडली की उत्तर द्यावं लागलं. ते उत्तर म्हणजे ललिताजी. अलिक पदमसींच्या जाहिरात एजन्सीचं काम, कविता चौधरींनी केलेली ती ठसक्यात बोलणारी गृहिणी, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी आणि तरीही महाग सर्फ घेणारी, कारण स्वस्त आणि चांगलं यात फरक असतो म्हणे. एका जाहिरातीने कंजूस बाईला शहाणी बाई केलं. पण गंमत बघा, कंपनीला तेवढ्यावर भागलं नाही, पुढे निरमाच्या किमतीला टक्कर द्यायला व्हील नावाची वेगळी स्वस्त पावडर काढावीच लागली. जाहिरात किती करू शकते आणि कुठे थांबते, ते दोन्ही या एका लढाईत दिसतं.

"हा सगळा खर्च आपल्याच खिशातून ना?"

हो. यात गोड बोलण्यासारखं काही नाही. टीव्हीवरची वेळ दहा-दहा सेकंदांच्या भावाने विकली जाते, आणि तो भाव कार्यक्रम किती लोक बघतात त्यावर ठरतो, त्यालाच आपण टीआरपी म्हणून ओळखतो. २०१५ पासून बार्क नावाची संस्था हे मोजते, देशभरात ५०,००० हून जास्त घरांत मीटर बसवून, आणि त्यावरून वीस कोटींहून जास्त टीव्ही-घरांचा अंदाज बांधते, भाताचं एक शीत दाबून बघतात तसं. मालिका रोज सुरू आहे ती त्या दहा-दहा सेकंदांच्या पैशांवर. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ ला जाहिराती सुरू झाल्या, तोपर्यंत टीव्हीचा पैसा सरकारकडूनच यायचा.

मोठ्या कंपनीला हा खर्च कोट्यवधी पुड्यांवर वाटला जातो, एका पुडीमागे काही पैसे येतात. खरा प्रश्न छोट्यांचा आहे. सांगलीची हळद, सोलापूरची चटणी, कोकणातलं कोकम विकणारा माणूस या शर्यतीत उतरूच शकत नाही, सगळ्या सीटवर मोठ्यांचे रुमाल. त्यातूनही विकोसारखे वर आले, पेंढरकरांची कंपनी, हळदीची क्रीम आयुर्वेदिक आहे, कॉस्मेटिक नाही, एवढं एकच त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, जाहिरातीत सांगितलं आणि एक्साइज खात्यासमोर कोर्टातही तेच सांगून जिंकले. पण असे थोडे.

"आणि खोटं बोलतात त्याचं काय?"

बोलतात. अंडं फुटत नाही हे खोटं सगळ्यांना कळतं, ते खोटं नाही, ती अतिशयोक्ती आहे, कीर्तनात असते तशी. पण आठ दिवसांत उंची वाढेल, साखर कायमची जाईल, हे खोटं, आणि त्याला माफी नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीवरही एक ते तीन वर्षं बंदी येऊ शकते. शिवाय १९८५ पासून जाहिरात क्षेत्राची स्वतःची अ‍ॅस्की ही संस्था आहे, तिथे कोणीही साधा माणूस तक्रार करू शकतो, फुकट, व्हॉट्सअ‍ॅपवरही. करा. मी केल्यात.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो वेलचीच्या जाहिरातींचा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तंबाखूची जाहिरात टीव्हीवर चालत नाही, मग त्याच नावाची वेलची काढायची, त्याच रंगाचं पाकीट, तोच मोठा नट, सोनेरी प्रकाशात. याला सरोगेट जाहिरात म्हणतात. रुमाल वेलचीचा आणि जागा धरली भलत्याचीच. ज्या कलेने मोतीची पहाट धरली तीच कला इथे तोंडाच्या कॅन्सरसाठी वापरली जाते. २०२२ च्या सरकारी नियमांनी यावर बंदी घातली आहे, पण संध्याकाळी मॅच लावून बसा आणि मोजा.

"आता टीव्ही बघतं कोण?"

शहरातली तरुण मुलं कमी बघतात, खरं आहे. पण गणपतीत, मॅचला, संध्याकाळी सात ते दहा मराठी घरात टीव्ही सुरू असतोच. आणि फोनवर पाच सेकंदांनी स्किपचं बटण येतं, तिथे जागा धरायला पाचच सेकंद मिळतात. पडदा लहान झालाय, काम तेच आहे.

आणि आता माझं खरं दुखणं: मराठीला मिळतो दुसऱ्याचा रुमाल

पीयूष पांडेंनी नक्की काय केलं हे काकूला सांगायचं तर असं सांगेन. जयपूरचा माणूस, राजस्थानकडून रणजी खेळलेला, कोलकात्यात चहाची चव घ्यायची नोकरी केलेला, १९८२ मधे ओगिल्वी या एजन्सीत आला. तेव्हा मुंबईत मोठ्या जाहिराती इंग्रजीत सुचायच्या आणि मग हिंदीत उतरवल्या जायच्या. त्यांनी त्या हिंदीतच सुचवायला सुरुवात केली, ढाब्यावर, बसच्या टपावर, सुताराच्या तोंडी. माल घेणारा ज्या भाषेत घासाघीस करतो त्याच भाषेत विचार. म्हणून त्या चिकटल्या.

हिंदी तेव्हा जिथे होती तिथे मराठी आज आहे. मराठी चॅनलवर तुम्ही बघता त्यातल्या बहुतेक जाहिराती हिंदीत शूट झालेल्या असतात. मला स्टुडिओत काय मिळतं सांगते. हिंदी फिल्म, २० सेकंद, आणि अट अशी की ओठ जुळले पाहिजेत. म्हणजे नटीचा ओठ "प" ला मिटलाय तर माझ्या शब्दातही तिथे प, ब, म काहीतरी आलंच पाहिजे. वेळ साधारण दीड तास. त्या दीड तासात वाक्य वाकतं, मोडतं, आणि तुमच्यापर्यंत येतं ते "तर मग आजच घरी आणा" वगैरे.

एकदा एका धुण्याच्या पावडरीचं काम होतं. हिंदीत "जिद्दी दाग". क्लायंटकडून आलेल्या कच्च्या मराठीत लिहिलं होतं "जिद्दी डाग". मी म्हटलं अहो, मराठीत जिद्दी हे कौतुक आहे, परिस्थितीशी झगडून कलेक्टर झालेली मुलगी जिद्दी असते, डाग चिवट असतो. फोनवरून उत्तर आलं की चिवट शब्द निगेटिव वाटतो, आणि शिवाय ओठ जुळत नाहीत. तसंच गेलं. महिनाभर रोज संध्याकाळी ते "जिद्दी डाग" ऐकताना मला कसंतरी व्हायचं. आईने विचारलं, "हे तू लिहिलंस?" मी काही बोलले नाही.

असंच "आराम"चं. हिंदीत दुखणं थांबलं की आराम पडतो, मराठीत आराम म्हटलं की आधी आठवतं ते दुपारी आडवं होणं. गुडघेदुखीच्या मलमाला आपल्याकडे "लगेच बरं वाटतं" म्हणतात, पण जाहिरातीत बाई म्हणते "त्वरित आराम". त्वरित हा शब्द सरकारी पत्राबाहेर तुम्ही शेवटचा कधी वापरलात?

यावर मला नेहमी ऐकवतात की मराठी माणसाला हिंदी कळतं, मग वेगळा खर्च कशाला. कळतं, मान्य. पण कळणं वेगळं आणि डोक्यात जागा धरणं वेगळं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक आहेत, जर्मनीची लोकसंख्या साधारण तेवढी. तिथे कोणी शेजारच्या देशाची जाहिरात ओठ जुळवून भागवा असं म्हणेल का? आणि मोतीने हे करून दाखवलंय ना, अभ्यंगस्नान हिंदीत सुचलंच नसतं.

मला एकदाच अशी संधी मिळाली. एका छोट्या गावातल्या घरगुती मसाल्याच्या कंपनीचा दहा सेकंदांचा स्पॉट, बजेट जवळजवळ नाहीच, म्हणून हिंदी फिल्मही नव्हती, म्हणून ओठ जुळवायचे नव्हते. मी त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन बसले. मालकांच्या आई आमटी करत होत्या आणि सुनेने काहीतरी विचारायला तोंड उघडलं तशा म्हणाल्या, "थांब, आधी फोडणीचा वास येऊ दे, मग बोल." मी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. तेल, मोहरी तडतडली, मसाला पडला, आणि आजींचा आवाज. शेवटी नाव.

दोन महिन्यांनी मालकांचा फोन आला, खूश होते, दुकानदार सांगतायत की बायका येऊन "ते फोडणीवालं द्या" म्हणतात. मी विचारलं, नाव घेतात का? ते जरा थांबले, मग म्हणाले, नाही, नाव नाही घेत. म्हणजे माझाही रुमाल पांढराच निघाला होता. पुढच्या एडिटमधे आम्ही नाव शेवटून काढलं आणि आजींच्या वाक्यात, फोडणीच्या जागी बसवलं.